कलम एक्केचाळीसमधले ‘आम्ही’

कलम एक्केचाळीसमध्ये काहीतरी खोट आहे हे पहिल्यांदा कळलं ते निपाणीत, आण्णा गळतग्यांना, दुपारचं जेवण झाल्यावर पलंगावर पडल्या पडल्या. माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात, त्या करारावर तीन वर्षं चारशे तज्ज्ञ खपत होते. त्यांना ते कळलं नव्हतं. आण्णांची धाकटी बहीण शालन त्या चारशेंपैकी एक. तिलाही नव्हतं.

खरं तर शालननं तो करार आण्णांना पाठवला तो त्यांचं तोंड बंद करायला. आण्णांचं वय त्र्याऐंशी. निपाणीच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केलेली, आणि आता दिवसभर फोनवर येईल ते वाचायचं आणि दर दोन दिवसांनी बहिणीला ऐकवायचं, हा उद्योग.

“शाले, ह्यात काय तरी काळंबेरं हाय,” ते म्हणाले होते. “युरोपातली अठरा राज्यं आणि समुद्रापलीकडची सहा राज्यं उगीच गळ्यात गळे घालत न्हाईत. मला एकानं पाठवलंय. आत गुप्त कलमं हाईत म्हणे.”

“आण्णा, परवा तुला एकानं पाठवलं होतं की समुद्रच विकलाय.”

“ते खोटं निघालं. म्हणून हे खरं असू शकत न्हाई काय?”

शालनला या करारावरच्या संशयाचा आताशा वीट आला होता. उत्तर किनाऱ्यावर ‘राखणदार’ नावाची संघटना रोज पत्रकं वाटत होती, की पलीकडची माणसं येऊन घरंदारं घेणार. दक्षिण किनाऱ्यावर दुसरी पत्रकं होती, की गोरे लोक मागच्या दारानं पुन्हा राज्य करायला येताहेत. आणि दोन्हींच्या मधोमध हा भूमध्य महासंघाचा करार, येत्या गुरुवारी सह्या व्हायचा. शेवटी ती म्हणाली, “तुला सगळा करार मराठीतच काढून देतो. वाच, आणि सांग मला कुठं आहेत गुप्त कलमं.”

‘देतो’ म्हणाली. निपाणीकडच्या बायकांच्या बोलण्यात हे असतंच. पुण्यात भाषाशास्त्र शिकताना मैत्रिणी हसायच्या, तरी तिनं सोडलं नाही. माल्टात जोसेफशी लग्न करून चाळीस वर्षं झाली, जोसेफ जाऊनही सहा झाली, तरीही नाही.

दोन दिवसांनी आण्णांचा फोन आला. त्यांनी करार छापून घेतला होता आणि लाल पेनानं तपासला होता.

“कलम बारा. ‘दोन्ही किनाऱ्यांची राखण आपण करू.’ बरोबर. कलम एकोणीस. ‘खारं पाणी गोडं करायची यंत्रं आपण चालवू.’ बरोबर. आता कलम एक्केचाळीस ऐक. ‘संकटकाळी माणसांची ये-जा थांबवायची का आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे आम्ही ठरवू.’ हे आम्ही कोण गं?”

“आम्ही म्हणजे सगळे. दोन्ही किनारे.”

“मग आपण लिही की. पाचवीच्या पोरानं लिहिलं असतं तर एक मार्क कापला असता मी.”

“मराठी मजकूर यंत्रानं काढलाय. त्याची चूक असेल, आण्णा.”

“एका जागी असती तर चूक. अकरा जागी हाय. आणि बघ, काम करायचं तिथं आपण, आणि ठरवायचं तिथं आम्ही. एवढी शिस्तशीर चूक माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी केली न्हाई.”

शालन गॅलरीत उभी होती. खाली बंदरावर बारा वाजायला अजून अवकाश होता, पाव नेणाऱ्या गाडीचा भोंगा वाजत होता, सगळं रोजच्यासारखं होतं. तिनं मात्र आण्णांना त्या अकराही जागा पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. कारण यंत्र अशी चूक करत नाही, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर तिलाच. आपण आणि आम्ही यांतला फरक यंत्राला शिकवला होता तिनंच.

*

त्या यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक होतं. कार्यालयात सगळे त्याला नुसतं ‘गाभा’ म्हणत.

पूर्वी करार एका भाषेत लिहीत आणि बाकीच्या भाषांत भाषांतर करत. त्यातून भांडणं होत. एकीकडे ‘करावे’ लिहिलेलं असे, दुसरीकडे ‘करता येईल’, आणि त्या फरकावर दोन पिढ्या खटले चालत. महासंघाच्या भाषा एकतीस. प्रत्येकीतून प्रत्येकीत भाषांतर करायचं म्हटलं तर नऊशे तीस वाटा, आणि प्रत्येक वाटेवर काहीतरी सांडणार. म्हणून यात मूळ मजकूर असा ठेवलाच नाही. दोन्हीकडचे लोक तीन वर्षं आपापल्या भाषेत बोलले, भांडले, एकमेकांत कुजबुजले; गाभ्यानं ते सगळं ऐकलं आणि त्यातून शब्द टाकून नुसता अर्थ धरला. कोण करणार, कुणासाठी करणार, सक्तीनं की मर्जीनं, कधीपर्यंत, अशा हजारो गाठींचं एक जाळं. ते जाळं कुठल्याच भाषेत नव्हतं. त्यातून एकतीस मजकूर एकाच तासात बाहेर पडले, सगळे सख्खे, एकही दुसऱ्याचं भाषांतर नाही. आणि पुढं कधी वाद झालाच, तर न्यायालयानं मजकूर बघायचा नव्हता, गाभ्यातली गाठ बघायची होती. कायदा तसाच केला होता.

गाभ्याला कुठलीही भाषा बोलता यायची तर प्रत्येक भाषेला लागणारा बारकावा त्याच्यापाशी हवा. तुर्कीत एखादी गोष्ट स्वतः पाहिली की नुसती ऐकली, ते क्रियापदातच सांगावं लागतं. स्लोव्हेनियन आणि अरबी भाषांना दोघं आणि पुष्कळ यांत फरक करावा लागतो. गाभा बांधला जात होता तेव्हा, वीस-बावीस वर्षांपूर्वी, शास्त्रज्ञ असले बारकावे जगभरातून गोळा करत होते, आणि शालननं त्यांना मराठीतले दोन ‘आम्ही’ दिले. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण. त्याला वगळून बोलायचं तर आम्ही. युरोपातल्या भाषांना हा फरक ठाऊक नाही, अरबीलाही नाही.

यंत्राला तो शिकवायला तिनं निपाणीला जाऊन तंबाखूच्या वखारीत तीनशे तास बायकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. तिची आई तेव्हा होती. पाय पसरून, नाकाला पदर लावून, तंबाखूचा पाला निवडता निवडता बायका अखंड बोलायच्या, आणि कोण कुणाला धरतंय, कोण कुणाला वगळतंय, हे यंत्र बोलण्याच्या ओघावरून शिकलं. इतकं पक्कं शिकलं की पुढं कुठल्याही भाषेतला माणूस ‘आम्ही ठरवू’ म्हणाला, की त्याच्या मनात समोरचा त्या ‘आम्ही’त आहे की नाही हे गाभा अचूक नोंदवू लागला. त्या नोंदीला कार्यालयात ‘शालनची खूण’ म्हणत. मग सगळे ती विसरून गेले, कारण एकतीस भाषांपैकी एकीलाही तिचा उपयोग नव्हता. आणि मराठीत हा करार काढून मागणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

शालननं कार्यालयात जाऊन एक साधी परीक्षा घेतली. कराराच्या एका नकलेत तिनं अकराही जागची खूण उलटी केली, आम्हीचं आपण केलं, आणि एकतीस भाषांतले मजकूर पुन्हा काढले. जुन्या मजकुरांशी ताडून बघितले. पडद्यावर उत्तर आलं: फरक शून्य. एका वेलांटीचासुद्धा नाही.

मग तिनं ते अकरा आम्ही कुणाचे ते बघितलं. आठ उत्तरेचे. तीन दक्षिणेचे. मासेमारीच्या हद्दी पुन्हा आखायच्या झाल्या तर त्या दक्षिणेनं परस्पर आखायच्या होत्या. म्हणजे दोघंही एकाच ताटात जेवायला बसले होते आणि दोघांनीही मांडीखाली काहीतरी दडवलं होतं.

करारावर पाच भाषासाक्षींच्या सह्या लागणार होत्या, की सगळ्या भाषांतला अर्थ एकच आहे. पाचांतली एक शालन गळतगे.

*

“एवढंच ना?” अँटोनेला ग्रेक म्हणाली. ती भाषा कार्यालयाची प्रमुख. शालनपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि मनानं वाईट अजिबात नाही. “बदलून टाकू. अकराही ठिकाणी तुमचं ते दुसरं घालू. एक मिनिटाचं काम आहे.”

“आणि त्यांना सांगणार?”

“कशाला? मजकूर तर बदलत नाही.”

“अँटोनेला, तुझी सासू आहे?”

“आहे. का?”

“आमच्याकडं सासू म्हणते, ‘चला, आता आपण भांडी घासू या.’ आणि स्वतः बसून राहते. तू म्हणतेस ते हे असलं आपण आहे. यंत्रात खूण बदलली म्हणून बोलणाऱ्याच्या मनातलं बदलत नाही. त्यांना ते तोंडानं म्हणू दे.”

अँटोनेला हसली, मग तिचं हसू ओसरलं. तिनं दार लोटून घेतलं. “शालन, हा करार व्हावा म्हणून तुम्ही जितकं केलंय तितकं कुणी केलं नसेल. तुमची मुलगी तिकडं आहे. जावयाचा परवाना चार वेळा नाकारलाय ना? गुरुवारी सह्या झाल्या की पुढच्या महिन्यात तो बोटीतून उतरेल. आणि नाही झाल्या तर? पुन्हा सगळ्यांना एका टेबलाशी आणायला पाच वर्षं जातील. तुम्ही पंचाहत्तरच्या आहात.”

“माझं वय मला ठाऊक आहे.”

“ही खूण कुणाला माहीतही नव्हती. आम्हाला खरंच माहीत नव्हतं.”

कुठलं आम्ही, असं शालनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पायऱ्या उतरताना तिला वडील आठवले. ते निपाणीच्या शाळेत शिपाई होते. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा गावाला कुणी काही विचारलं नाही. एक दिवस टपालानं शाळेचा नवा शिक्का आला, वेगळ्या राज्याच्या नावाचा. वडिलांनी पार्सल सोडलं आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. लोकांना विचारायचं आहे, ते मागाहून विचारू, असं वरून कुणी म्हणाल्याचं ते सांगत. वडील गेले तेव्हाही ते विचारणं बाकीच होतं. शहाऐंशी साली शालन चौदा वर्षांची असताना गावात सीमाप्रश्नावरून पुन्हा सगळं पेटलं. मोर्चात आण्णांबरोबर तीही गेली होती, आणि वडील ओट्यावर बसून म्हणाले होते, “मी शिक्का उचलून दिला, हेच चुकलं.” तो रबराचा एक शिक्का; त्यांनी नाही उचलून दिला असता तर दुसऱ्या कुणी दिला असता. पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. बुधवारी सकाळी दारात राखणदारांचा एक माणूस उभा. डिमेक त्याचं नाव. सूट, टाय, हातात फुलं.

“बाई, तुम्हाला काहीतरी सापडलंय असं कानावर आलं. तुमच्यासारख्या विद्वान बाईंनी एकदा सांगितलं की हा करार म्हणजे फसवणूक आहे, की लोक ऐकतील.”

“तुमच्या पत्रकात लिहिलंय की पलीकडची माणसं येऊन इथली घरं घेतील,” शालन म्हणाली.

“आकडेच सांगतात तसं.”

“या घरात पलीकडची माझी नात येणार आहे. पाच वर्षांची आहे. तिची खोली मी पिवळी रंगवून ठेवलीय. बघायचीय?”

डिमेक गोंधळला. “मी तुमच्या बाजूनं बोलतोय, बाई.”

“नका बोलू. तुमची काळजी ही की करार होईल. माझी ही की होईल आणि टिकणार नाही. फुलं घेऊन जा, घरात फुलदाणी नाही.”

*

जुईशी बोलणं मात्र इतकं सोपं नव्हतं. जुई तिची एकुलती एक मुलगी, ट्युनिशियात स्फाक्सला पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनियर. नवरा अनीस तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक. जुई माल्टाची नागरिक, ती केव्हाही येऊ शकत होती. अनीसला मात्र नकाराची चार पत्रं आली होती, आणि नवऱ्याला मागं ठेवून जुई यायची नाही. गुडघ्यांमुळं शालनलाही तिकडं जाणं जमलं नव्हतं, आणि चार वर्षं दोघींचं बोलणं फोनवरच चाललं होतं.

शालननं सगळं सांगितलं.

“म्हणजे उद्या तू सही करणार नाहीस.”

“नियम नऊ आहे. साक्षीला शंका असेल तर सही करण्याआधी ती दोन्ही बाजूंना प्रश्न विचारू शकते. उत्तर त्याच दिवशी, त्याच सभागृहात, तोंडी द्यावं लागतं. मी विचारणार आहे.”

“आणि ते उत्तर देणार नाहीत.”

“नाहीत बहुतेक.”

“आई, मी दमलो आता.” जुई माल्टात वाढलेली, पण तिचं मराठी सगळं आईकडून उचललेलं, निपाणीचं. “दार उघडतंय ना? आधी आत येऊ दे आम्हाला. नंतर बंद झालं तर तेव्हा बघू.”

“बंद झालं तेव्हा अनीस कुठल्या बाजूला असेल? सलमा कुठल्या बाजूला? कारखान्याच्या कामाला तू दहा दिवस तिकडं गेलीस आणि त्याच दिवशी इकडच्यांनी ठरवलं, संकट आहे, तर? विचारायला कुणाकडं जाशील? कलमात तुम्ही नाहीच आहात. तुम्ही राखणीत आहात, कामात आहात, ठरवण्यात नाही.”

“तुझं हे सगळं बरोबर असेल. पण तू एका शब्दासाठी आमची पाच वर्षं घेतेयस.”

“एका शब्दासाठीच घेतली जातात गं.”

जुईनं फोन ठेवला. रागानं आपटून नव्हे. हळूच, निजलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटावं तसा. त्यामुळं शालनला ते जास्त लागलं.

*

गुरुवारी अकरा वाजता सभागृह गच्च भरलं होतं. डावीकडे उत्तरेचं शिष्टमंडळ, उजवीकडे दक्षिणेचं, मागं कॅमेरे, आणि वरच्या सज्जात काचेआड बसलेले एकतीस भाषांचे दुभाषी. करार यंत्रानं केला असला तरी समारंभाला माणसं लागतातच. चार साक्षींनी सह्या केल्या. पाचवी उठली, पेन उचललं नाही, आणि माईक जवळ ओढला.

“नियम नऊप्रमाणे मला अकरा प्रश्न आहेत.”

सभापतींनी वाकून कुणाला तरी विचारलं, नियम नऊ म्हणजे काय. तो आजवर कुणी वापरला नव्हता.

“कलम एक्केचाळीस,” शालन म्हणाली. तिनं मुद्दाम इंग्रजी वापरलं. “ये-जा थांबवायची की नाही हे ‘आम्ही ठरवू’. माझा प्रश्न उत्तरेच्या प्रमुखांना. हे म्हणजे तुम्ही आणि समोर बसलेले हे सगळे, का फक्त तुम्ही? आम्ही, की आम्ही?”

दुभाष्यांची तारांबळ उडाली. एकतीस भाषांत एकच शब्द दोनदा कानावर पडला, आणि सभागृहात इकडून तिकडून हसू फुटलं. एका दुभाष्यानं तर काचेवर टकटक करून, बाई, पुन्हा सांगा, अशी खूण केली.

शालननं मग हातांनी सांगितलं. एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला. “माझ्या भाषेत हे आम्ही.” मग दोन्ही हात पसरून समोरच्या सगळ्यांना कवेत घेतल्यासारखं केलं. “आणि हे आपण. तुमच्या कुणाच्याच भाषेत हा फरक नाही, त्यात तुमचा दोष नाही. पण गाभ्यात तो आहे, आणि न्यायालय गाभा बघणार आहे. गाभ्यानं तुमची तीन वर्षांची बोलणी ऐकलीत. त्यानं इथं आम्ही लिहिलंय. ते खरं आहे का, एवढंच सांगा.”

आता कुणी हसलं नाही.

उत्तरेचे प्रमुख उंच, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, “हा तांत्रिक प्रश्न आहे. तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवता येईल.”

“तांत्रिक असेल तर उत्तर एका शब्दाचं आहे.”

“करारात दोन्ही किनाऱ्यांच्या मैत्रीची भावना...”

“भावना कलम एकमध्ये आहे. मी एक्केचाळीसबद्दल विचारतेय.”

दक्षिणेच्या प्रमुख, एक माजी न्यायाधीश बाई, खुर्चीत मागं टेकून हे ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं. प्रत्येक प्रश्नाला त्या मान डोलवत होत्या. आठव्या प्रश्नापर्यंत डोलवली.

“नववा प्रश्न दक्षिणेच्या प्रमुखांना,” शालन म्हणाली. “कलम सत्तावीस. मासेमारीच्या हद्दी बदलायच्या तर त्या ‘आम्ही आखू’. कोण?”

बाईंची मान थांबली. त्यांनी शेजारच्या माणसाकडं पाहिलं, त्यानं समोरच्या कागदाकडं. मग त्या हळूच, पण माईक चालू आहे हे विसरून, अरबीत म्हणाल्या, “हे तुम्ही त्यांना वगळून ठरवलं होतंत? मला तर आपान सांगितलं होतं.”

आपान. शब्द उच्चारात वाकला होता, पण होता मराठीच. त्यांच्या भाषेत तो नव्हता, मग त्या आणणार कुठून?

त्यानंतर सभागृहात जे झालं त्याला वादावादीच म्हणायला हवं, पण ती गेल्या तीन वर्षांतली पहिली खरी वादावादी होती. फिनलंडचा एक प्रतिनिधी उठून आपल्याच प्रमुखाला विचारू लागला, की एक्केचाळीसमध्ये आमी आहे हे आम्हाला का सांगितलं नाही. मोरोक्कोचा माणूस टेबलावर बोट आपटत म्हणत होता, आपान, आपान, नाहीतर सही नाही. दुभाष्यांनी प्रयत्न सोडला आणि ते दोन शब्द जसेच्या तसे पुढं पाठवू लागले.

सहा वाजेपर्यंत अकरापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. नियमाप्रमाणे त्या दिवसाची सही रद्द झाली. शालननं पेनाला हात लावला नव्हता.

बाहेर चौकात राखणदार जमले होते. ती दारातून बाहेर आली तशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती थांबली. “टाळ्या वाजवू नका,” ती म्हणाली. “करार मोडलेला नाही. तो होणार आहे, आणि तुम्हाला त्याच्यात राहायचंय.” कुणीतरी शिवी हासडली. तिला बरं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईचा फोन आला.

“मी बघितलं सगळं.”

“चिडलीस?”

“अनीसनं काल शाळेतून रजा घेतली होती. नवा शर्ट घालून बसला होता टीव्हीसमोर. त्यानं तुला दोष दिला नाही, आई. उलट म्हणाला, त्यांनी बरोबर विचारलं. दोष मीच देतोय.” तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. “असू दे. आम्ही राहू इथंच. आम्ही आमचं बघून घेतो.”

शालननं ते ऐकलं. जन्मभर तिनं तो शब्द मोजला होता, तपासला होता, यंत्राला शिकवला होता. पोटच्या मुलीच्या तोंडून तो आपल्याला वगळून येतो तेव्हा कसा लागतो, हे मात्र तिनं कुठल्या टाचणात लिहिलं नव्हतं. जुईला कदाचित कळलंही नसेल काय बोलली ते. कदाचित कळलंही असेल.

“शनिवारी स्फाक्सची बोट आहे ना?” शालन म्हणाली.

“आहे. का?”

“मी येतो.”

“किती दिवस?”

“जोवर हे मिटत नाही तोवर. पिवळी खोली कुठं पळून जात नाही.”

“तुझी गुडघ्याची औषधं? आणि इथं लिफ्ट नाही, आई, तिसरा मजला आहे.”

“चढेन हळूहळू.”

मग जुई म्हणाली, “अनीसला बंदरावर पाठवतो. सामान तू उचलू नको.”

आण्णांना तिनं बोटीवरूनच कळवलं. आण्णा म्हणाले, “म्हणजे मी सांगत होतो ते खरं निघालं न्हवं.”

“गुप्त कलम एकही नव्हतं, आण्णा. सगळी उघडीच होती.”

“तेच म्हणतोय मी,” आण्णा म्हणाले, आणि त्यांना कुणीतरी नवीन काय पाठवलं होतं ते सांगू लागले.

*

पाच आठवडे गेले. स्फाक्सच्या त्या तिसऱ्या मजल्यावर शालननं सलमाला चपातीचे घडीचे पदर मोजायला शिकवलं, आणि सलमानं तिला अरबीतल्या शिव्या, ज्या पाच वर्षांच्या मुलीला यायला नकोत. जुई पहिले आठ दिवस कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी कारखान्यातून आली, आईच्या समोर बसली आणि भाजी निवडू लागली. आकडे, बातम्या, पत्रकं चालूच होती. दोन्ही किनाऱ्यांवर लोक आता एकमेकांना नवाच प्रश्न विचारू लागले होते आणि दोन परक्या शब्दांत विचारत होते.

त्या दिवशी शुक्रवार होता. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून अनीस घरी होता. अँटोनेलाचा फोन आला.

“दोन्हीकडचे पुन्हा बसायला तयार आहेत,” ती म्हणाली. आवाजावरून थकलेली वाटत होती, आणि थोडी खूशही. “अकरापैकी सहावर उत्तर तयार आहे. पाचांवर भांडण आहे. पण ते समोरासमोर, तोंडानं सांगणार. नियमानं तुम्ही समोर हव्यात. सोमवारी येता?”

“नाही.”

“शालन.”

“माझा जावई तिकडं येऊ शकत नाही. त्याला आणि या पोरीला सोडून मी येणार नाही. साक्षीदार इथं आहे. बैठक इथं घ्या.”

“चोवीस देशांची माणसं स्फाक्सला आणू?”

“बोट आहे शनिवारी. मी आले तीच.”

“हे तुम्ही माझ्यावर सूड म्हणून करताय का?”

“तुझ्यावर कशाला? तू ये जेवायला. पण त्यांनी एकदा इकडं उतरून बघावं. ये-जा थांबवायची की नाही, हे ठरवणाऱ्यांनी निदान एकदा ये करावी.”

अँटोनेलाच्या बाजूला कुणीतरी काहीतरी विचारत होतं, ती त्याला थांब म्हणत होती. मग तिनं नेहमीच्या कामाच्या आवाजात विचारलं, “तिथं सभागृह आहे?”

शालननं अनीसकडं पाहिलं. त्याला फ्रेंचमधून विचारलं. अनीस सलमाच्या बुटाच्या नाडीला गाठ मारत बसला होता. त्यानं प्रश्न दोनदा विचारून घेतला, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही.

“आमच्या शाळेचं आहे,” तो म्हणाला. “सुट्टी आहे, रिकामंच असेल. पण खुर्च्या लहान मुलांच्या आहेत.”

“चालतील,” शालन म्हणाली, आणि फोनमध्ये म्हणाली, “आहे. किती जण येतील ते सांग, आपण मांडून ठेवू.”